शिवथरला रातकिडे आहेत का?

इशाची नमाज झाली, जेवणं उरकली, की अब्बा ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. ही त्यांची जुनी सवय. गेली दोन वर्षं मात्र या बैठकीत एक वाक्य रोज ऐकू येऊ लागलं होतं. "महाडात रातकिडे राहिले नाहीत."

दोष कधी २०२१च्या पुराला, कधी कारखान्यांच्या धुराला, कधी भातावर मारल्या जाणाऱ्या औषधांना. मी स्वयंपाकघरातूनच "हो ना" म्हणून मोकळी व्हायचे. एवढंच नाही, शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे वाक्य स्वतःचं म्हणून दोनतीनदा वापरलंही. निसर्गाचा ऱ्हास म्हटलं की माना डोलवायला सगळेच तयार असतात. खरंच रातकिडे गेलेत का, हे उठून बाहेर जाऊन ऐकावं, असं माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईलाही सुचलं नाही.

सुचलं ते माझ्या सहावीतल्या मुलाला. एका रात्री तो म्हणाला, "नाना, ओरडतोय की! गटाराच्या कडेला."

मी बाहेर आले. खरंच ओरडत होता. एकच होता, पण चांगला दणदणीत. अब्बा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अब्बांच्या कानावर हेडफोन चढवून तपासणी केली आणि आलेख समोर ठेवला. डावीकडे, म्हणजे जाड, खालच्या आवाजांच्या बाजूला रेघ बरी होती. उजवीकडे, बारीक, वरच्या आवाजांच्या बाजूला ती घाट उतरावा तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी समजावलं की कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो आणि त्यात ध्वनी पकडणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. बारीक आवाजाच्या पेशी दाराशीच असतात. वयानुसार आधी त्या जातात, आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसाला ट्रकचा आवाज येतो, पण कुकरची शिट्टी येत नाही. बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत.

कानाचं मशीन घेतलं. ईदचे कपडे त्या वर्षी कोणी शिवले नाहीत, यावरून किंमत समजून घ्या.

घरी येताना रिक्षात अब्बा गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे रातकिडे आहेत."

"आहेत, अब्बा."

"किती? पूर्वीएवढे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्या घरामागे पूर्वी केळी होत्या, अळू होतं, ओल्या मातीचा पट्टा होता. पुरानंतर चिखल उपसून कंटाळलो आणि तिथे सरसकट काँक्रीट घातलं. तेव्हा रातकिडे कमी झालेले असणं शक्य होतं, आणि अब्बांचा कान गेलेला असणंही शक्य होतं. दोन्ही एकदमच झालं असेल तर कशाचा हिशेब कशात धरायचा?

अब्बांनीच तोड काढली. "शिवथरला जाऊ. तिथे रान आहे अजून. तिथे जर कमी झाले असतील तर खरंच कमी झाले."

*

अब्बा म्हणजे कापडाचे फिरते व्यापारी. पाठीवर गाठोडं घेऊन त्यांनी महाड-पोलादपूरच्या किती वाड्या पायी तुडवल्या, त्याची मोजदाद नाही. लुगडी, कटपीस, लुंग्या, लग्नसराईत खण. पैसे भातावर, नाचणीवर, कधी हिरड्यावर. त्या काळी सगळीकडे रस्ता नव्हता, विजेचा खांब नव्हता. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसायचं नाही. अब्बा सांगतात, तेव्हा वाट कानाने धरावी लागे. ओढा डाव्या अंगाला वाजू लागला की चढ सुरू, उजव्या अंगाला आला की वाडी जवळ. कुत्री भुंकण्याच्या आधी कोंबडा ऐकू येई, कारण बारीक आवाज वरून जातो असं त्यांचं मत. वीस वर्षांपूर्वी हे सगळं आम्हाला कंटाळवाणं वाटायचं.

महाडपासून शिवथर तीसेक किलोमीटर. बिरवाडी मागे टाकून वरंध घाटाच्या रस्त्याला लागायचं, आणि बारसगावापाशी घाट न चढता खोऱ्यात वळायचं. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी नावं इथे एकाच कुटुंबातल्या भावंडांसारखी ओळीने येतात. तिन्ही बाजूंनी सह्याद्रीच्या भिंती. पलीकडे घाटमाथ्यावर भोर. हा मुलूख जुन्या जावळीचा, मोऱ्यांचा. इथलं पाणी शेवटी सावित्रीला मिळतं आणि आमच्या महाडावरून बाणकोटच्या खाडीला जातं.

बाहेरच्या लोकांना शिवथर माहीत आहे ते घळीमुळे. डोंगराच्या कड्याखाली नैसर्गिक कपार आहे आणि तिच्या अंगावरून धबधबा कोसळतो. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. ही जागा १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून पुढे आणली. भाविक येतात, पावसाळ्यात पर्यटकही येतात. अब्बांच्या आठवणीत मात्र घळ म्हणजे गाठोडं उतरवून ठेवायची थंड जागा.

शिवथरचं रान हे अभयारण्य नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात अभयारण्यं म्हणजे पनवेलजवळचं कर्नाळा, आणि मुरुड-रोह्याकडचं फणसाड, जे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं आणि १९८६ साली अभयारण्य झालं. नवाबाने ज्या रानात बंदूक चालवली तेच रान त्या बंदुकीमुळे कुऱ्हाडीपासून वाचलं, हा एक विचित्रच न्याय. दक्षिणेला, सातारच्या बाजूला, कोयनेचं अभयारण्य आहे. ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. शिवथरचा डोंगर याच सह्याद्रीच्या रांगेचा. इथे रान टिकलंय ते कड्यांमुळे. जिथे कुऱ्हाड पोहोचत नाही तिथे झाडं आहेत, आणि जिथे ट्रक पोहोचतो तिथे कातळ दिसतो.

*

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी निघालो. अब्बा, मी, मुलगा. पहिले दोनतीन पाऊस होऊन गेले होते. जमीन भिजलेली, पण ओढे अजून खवळलेले नाहीत. ही दिवस निवडण्याची अक्कल अब्बांची. जुलैत गेलं तर धबधब्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि वरंध घाट तर दरडींमुळे बऱ्याचदा बंदच असतो.

अब्बांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी उतरलो. म्हातारे गेले, आता मुलगा कर्ता आहे. तोही पन्नाशीचा. अब्बांना बघून त्याने हातातलं इरलं तसंच खाली टाकलं. "भाई! आयच्या लग्नातलं लुगडं तुमचंच की हो." मशीनमुळे हे वाक्य अब्बांना पहिल्या झटक्यात कळलं, आणि ईदच्या कपड्यांची भरपाई तिथेच झाली. त्याच्या बायकोने विचारलं, "भाबी, नाचणीची भाकर चालंल न्हवं?" मी घरून नेलेली सांदणं पुढे केली. पडवीच्या एका कोपऱ्यात तिने न सांगता धुतलेली सतरंजी अंथरून ठेवली होती, नमाजसाठी. तिच्या सासूकडून आलेली रीत.

अंधार पडला आणि सुरुवात झाली.

आधी शेतातून. भाताच्या खाचरात पाणी साचलं होतं आणि त्यात मोठे बेडूक उतरले होते. या दिवसांत त्यांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. त्यांचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपावर कोणी बसून बोलावं तसा. अब्बांनी लगेच हात वर केला. "हे येतंय."

मुलाने वही काढली होती. शाळेत त्याला तक्त्याचं वेड लागलंय. त्याने रकाने आखले: आवाज, वेळ, अम्मी, मी, नाना. बेडकाच्या ओळीत तिघांचीही बरोबरची खूण झाली.

मग घरामागच्या झुडपांतून टिक, टिक, टिक. घड्याळ बिघडल्यासारखं, थांबून थांबून. हा झुडपातला बेडूक, अंगठ्याच्या नखाएवढा. सह्याद्रीत याच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. हे बेडूक पाण्यात अंडी घालत नाहीत. ओल्या पानापाचोळ्यात घालतात, आणि अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न निघता सरळ इवलासा बेडूकच बाहेर पडतो. मग शाळेत आपण बेडकाचं जे जीवनचक्र फळ्यावर काढतो त्याचं काय, असं मुलाने विचारलं. मी म्हटलं, विज्ञानाच्या सरांना विचार. इथे अब्बांची खूण अर्धी झाली. मशीन लावल्यावर येत होतं, काढल्यावर नाही.

आणि या सगळ्याच्या वर रातकिडे. घरामागे, वर रानात, ओढ्यापलीकडे. एकाचा थांबतो न थांबतो तोच दुसऱ्याचा. काही सलग, दोरी ओढल्यासारखे. काही तुटक. ओरडतो तो फक्त नर, आणि तोंडाने नव्हे, एक पंख दुसऱ्यावर घासून. ऐकणाऱ्या मादीचे कान कुठे असतात? पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. हे मी तिथे सांगितलं तर यजमानांची धाकटी मुलगी आपल्या गुडघ्याकडे बघत बसली.

अब्बांनी मशीनचा आवाज वाढवला. "काहीतरी येतंय," ते म्हणाले. "तेल तापल्यासारखं." मग काही क्षणांनी, "गेलं." पुन्हा आलं, पुन्हा गेलं. शेवटी त्यांनी मशीन काढून तळहातावर ठेवलं. "हे रातकिडे नव्हेत. हे यंत्राचं आहे."

नंतर कळलं की यात मशीनची चूक नव्हती. ही यंत्रं माणसाचं बोलणं ऐकवायला बनवतात. पंख्याची घरघर, गाडीची गुरगुर असा एकसारखा, सलग येणारा आवाज आला की ते त्याला कटकट समजून दाबतं. रातकिडा एकसारखाच ओरडतो. म्हणजे डॉक्टरांनी दिलेला कान रातकिड्याला कचरा समजत होता.

*

त्या रात्री पडवीत आडवी पडून मी जे ऐकलं, त्यात एक शिस्त होती. बेडूक तळाच्या पट्टीत, झुडपातला बेडूक मधल्या, रातकिडे वरच्या. रातवा नावाचा पक्षी मध्येच येऊन लाकडावर लाकूड ठोकल्यासारखं चकचक करून जायचा, पण तेव्हा झुडपातले गप्प असायचे. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत असं कधीही घडत नाही.

अमेरिकेत बर्नी क्राउझ नावाचे संगीतकार आहेत. ते वाद्यं सोडून रानांचे आवाज ध्वनिमुद्रित करू लागले, आणि त्यांनी नेमकी हीच गोष्ट मांडली. जुन्या, नांदत्या रानात प्रत्येक प्राण्याला आवाजाची आपली जागा असते. एक पट्टीची, एक वेळेची. वाद्यवृंदात जशी तबल्याने सनईची जागा घ्यायची नसते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या एका कुरणाशी त्यांनी १९८८ साली ध्वनिमुद्रण केलं. तिथे लाकूडतोड होणार होती, पण निवडक झाडंच तोडू, रानाला धक्का लागणार नाही, असं लोकांना सांगितलं गेलं होतं. वर्षभराने ते त्याच जागी, त्याच दिवसांत परत गेले. डोळ्याला रान तसंच दिसत होतं. फोटोत फरक कळत नव्हता. ध्वनिमुद्रणात मात्र ओढा होता आणि पक्षी जवळजवळ नव्हते.

आपल्याकडेही हे काम चालतं. तमिळनाडूत अण्णामलाईच्या डोंगरात, वालपराईच्या चहामळ्यांमधल्या उजाड तुकड्यांवर काही संशोधकांनी मूळ जातीची झाडं लावून रान परत आणलं आहे. तिथे झाडांना छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं बांधून ठेवली आणि जुनं रान, परत आणलेलं रान, तसंच सोडलेलं रान, अशा तिन्हींचे आवाज ताडून पाहिले. जुन्या रानात रात्रीची अगदी वरची पट्टी किड्यांनी गच्च भरलेली निघाली. म्हणजे रान निरोगी आहे की नाही हे सांगणारी पट्टी नेमकी तीच, जी माणसाच्या कानातून सगळ्यात आधी जाते. अब्बांच्याच नव्हे, माझ्याही. परतल्यावर विज्ञानाच्या सरांनी मोबाइलवरून आम्हा दोघांची परीक्षा घेतली. पुस्तकात माणसाची मर्यादा वीस ते वीस हजार हर्ट्झ लिहिली आहे. माझा मुलगा सोळा हजारांवर "येतंय, येतंय" म्हणत होता. मी तेराच्या आसपास संपले. मोबाइलची परीक्षा काही पक्की नव्हे, पण शिवथरच्या त्या रात्रीत त्याने ऐकलेलं थोडंसं मला आलंच नव्हतं, एवढं खरं. मला वाटत होतं मी सगळं ऐकतेय.

रात्री बाराच्या सुमारास सर आली. पत्र्यावर पाऊस वाजू लागला आणि खालच्या बेडकांपर्यंत सगळं झाकून गेलं. यजमान उठून पडवीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी जागी आहे हे बघून म्हणाले, "सवय लागलीय भाबी. तळियेपासनं."

२२ जुलै २०२१. त्या दिवशी आमच्या महाडात पाणी चढत होतं, आणि याच तालुक्यात तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर या खोऱ्यांतून जोराच्या पावसात कोणी गाढ झोपत नाही. कशाकडे कान लावता, मी विचारलं. ते म्हणाले, वढ्याकडं. पाऊस चालू असताना ओढ्याचा आवाज वाढला तर हरकत नाही, तो वाढायचाच. पण पाऊस कोसळतोय आणि ओढा अचानक हळू झाला, तर पोरंबाळं उचलायची. वर कुठेतरी माती आडवी पडून पाणी अडलेलं असतं. सरकारी सूचनांतही हे असतं. नवे झरे फुटणं, पाणी गढूळ होणं, झाडं कलणं, जमिनीला भेगा जाणं, गडगड ऐकू येणं. पण त्यांनी हे पत्रकातून शिकलेलं नव्हतं.

सर ओसरली. ओढा वाजत होता. ते आत जाऊन झोपले, आणि आधी झुडपातला, मग रातकिडे, असे एकेक परत सुरू झाले.

*

फजरची नमाज पडवीतच झाली. अजून उजाडलं नव्हतं. अब्बा म्हणाले, "चल, शीळ ऐकायची तर आत्ताच."

शीळ म्हणजे शीळकरी कस्तूर. ओढ्याकाठी, धबधब्याच्या कपारीत राहणारा काळानिळा पक्षी. कपाळावर आणि खांद्यावर उजेड पडला तर चकाकणारा निळा ठिपका. पहाटे तो अशी शीळ घालतो की एखादा पोरगा शाळा चुकवून गाणं आठवत आठवत चाललाय. इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी' असंच नाव ठेवलं. माझ्या पेशामुळे मला या पक्ष्याबद्दल विशेष आपुलकी. धंद्याच्या दिवसांत अब्बा घळीपाशी मुक्काम पडला की याच्यावर उठत.

घळीच्या वाटेवर आम्ही थोडं अलीकडे थांबलो. धबधबा पुढे घुमत होता. पाण्याचा घुमारा जाड असतो, तळाच्या पट्टीत सगळं भरून टाकतो. म्हणून ओढ्याकाठचे पक्षी बहुधा वरच्या, स्वच्छ पट्टीत गातात. पाण्यावरून आवाज पलीकडे जायला हवा ना. आणि अब्बांच्या कानाला उरलंय ते नेमकं पाणी.

पाच वाजून बारा मिनिटांनी (वेळ वहीतली) शीळ आली. मुलाने माझा दंड धरला. एक लांब सूर, मग तीनचार तुकडे, चढ, उतार, मध्येच विसरल्यासारखा थांबा, पुन्हा.

अब्बा नुसते उभे. मशीन लावलं तर धबधबाच दुप्पट झाला. काढलं तर काहीच नाही. मुलगा म्हणाला, "नाना, इकडे या, दगडाच्या मागे." त्याने त्यांना एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला नेलं, पाण्याकडे पाठ करून उभं केलं, आणि त्यांचा तळवा त्यांच्याच कानामागे वाटीसारखा धरला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. किहीमला, आपल्याच जिल्ह्यात, सालिम अलींनी १९३०च्या पावसाळ्यात सुगरणीच्या घरट्यांसमोर शिडीवर बसून दिवसचे दिवस काढले, तेव्हा त्यांच्याकडेही यंत्रं नव्हती. योग्य जागी, योग्य वेळी, हलल्याशिवाय बसणं, एवढंच हत्यार.

"येतंय," अब्बा म्हणाले. मग, "तुटक येतंय. खालचे सूर येतायत." ते थोडा वेळ ऐकत राहिले, आणि अचानक ओठांचा चंबू करून त्यांनी स्वतःच शीळ घातली. संपूर्ण चाल. पंच्याहत्तरीच्या माणसाला दातांच्या कवळीतून एवढी स्वच्छ शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं.

"असं नाहीये ते," मुलगा म्हणाला. "शेवटी वर जातंय, तुम्ही खाली आणलं."

"खालीच यायचं."

"आता वर जातंय, नाना."

दोघांचं खरं असेल. या पक्ष्यात प्रत्येकाची चाल थोडी वेगळी असते, आणि अब्बांचा पक्षी कधीचा गेला. वाद मिटला नाही. वहीत त्या ओळीपुढे नानांच्या रकान्यात मुलाने प्रश्नचिन्ह काढलं होतं. अब्बांनी पेन घेऊन ते खोडलं आणि बरोबरची खूण केली.

पुढचा तासभर नुसती गर्दी. तांबट सुरू झाला, एकसुरी, थांबायला तयार नाही. मग नवरंग, दोन सुरांची शीळ. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात आणि तो खरोखर सहाच्या आगेमागेच ओरडला. वर कुठेतरी शेकरूने कडकडाट केला. ते दिसलं मात्र नाही, झाडाची फांदी तेवढी हलली. भेकर एकदाच भुंकलं, अगदी कुत्र्यासारखं. वहीची दोन पानं भरली.

साडेआठला पहिली गाडी आली. मग चार, मग आठ. रविवार होता. एकीत गाणी जोरात लावलेली, मागचा दरवाजा उघडा टाकून. घळीपर्यंत गेलेले भाविक गप्प होते, ते सांगायला हवं. आवाज होता तो भिजायला आलेल्यांचा. तांबट तेवढा चालू राहिला. बाकीचे थांबले, की आम्हालाच ऐकू येईनासे झाले, हे त्या गलबल्यात कळायला मार्ग नव्हता. गाणी बंद करायला सांगावं असं वाटलं. पण आमचीही गाडी तिथेच उभी होती, आणि काल संध्याकाळी तिचा हॉर्न मीच दोनदा वाजवला होता.

मी मोबाइलवर वीस मिनिटं ध्वनिमुद्रण केलं होतं. घरी येऊन लावलं तर त्यात धबधबा, माझं खोकणं, आणि कुठेतरी मागे, फार लांब, शीळ.

*

अब्बांचा प्रश्न होता, शिवथरला रातकिडे आहेत का. आहेत, भरपूर आहेत, आणि ते तिघांपैकी दोघांनी ऐकले. म्हणजे महाडातल्या शांततेतली निम्मी अब्बांच्या कानातली निघाली. पण परत आल्यावर मुलाने आठवडाभर रोज रात्री नऊ वाजता घराभोवती फिरून मोजणी केली. पुढच्या बाजूला, गटाराशी, दोन. शेजाऱ्यांच्या परड्यात, जिथे अळू आहे, पाचसहा. आमच्या मागच्या काँक्रीटवर एकाही दिवशी एकही नाही.

अब्बा त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि भिंतीलगतचा चार फुटांचा पट्टा दाखवला. गवंडी म्हणतो, घालताना जेवढे लागले त्याहून फोडायचे जास्त लागतील, आणि पावसात हे काम होत नाही, दिवाळीनंतर बघू. अब्बांनी त्याला आगाऊ दोनशे रुपये देऊन ठेवलेत.